वाऱ्याचं वजन



17 ऑक्टोबर 2025 रोजी ओझरच्या धावपट्टीवरून नाशिकमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-1ए लढाऊ विमान उडालं. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) इथला कारखाना 1964 सालचा. मिग झाली, सुखोई झाली, आता तेजस. विमान उचलणारं शास्त्र आपल्या जिल्ह्यात साठ वर्षं नांदतं आहे. आज मी बोलणार आहे ते त्याच शास्त्राच्या दुसऱ्या बाजूबद्दल, म्हणजे मोटारीला जमिनीवर दाबणाऱ्या आणि जमिनीवरून उचलणाऱ्या हवेबद्दल. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला. सिन्नर, इगतपुरीवरून ताशी 120 किलोमीटरची परवानगी असलेला रस्ता जातो. त्यामुळे हा विषय आता आपल्या घरातला झाला आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. विमानाच्या पंखावरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता पडतो, म्हणून खालच्या हवेला गाठायला ती पळते, असं अनेकांनी शाळेत ऐकलं असेल. ते खरं नाही. दोन्ही प्रवाहांनी टोकाला एकाच वेळी पोहोचावं असा कुठलाच नियम नाही. वरची हवा प्रत्यक्षात आधी पोहोचते. खरं कारण येवल्याच्या संक्रांतीत मांज्याची आसारी धरून उभ्या असलेल्या पोराला ठाऊक असतं. तिरपा पतंग वारा खाली ढकलतो आणि त्या बदल्यात स्वतः वर जातो. विमानाचा पंख तेच करतो. तो पालथा करून गाडीवर बसवला, की तो हवा वर ढकलतो आणि गाडी खाली दाबली जाते.

दाबायचं कशासाठी? टायरची पकड त्यावरच्या भारावर अवलंबून असते. भार वाढवायला गाडीत पोती भरली तर पकड वाढेल, पण वळणावर तेवढंच जास्त वजन बाहेर फेकलं जाईल. हवेचा दाब मात्र टायरवर भार टाकतो आणि गाडीचं वजन एका ग्रॅमनेही वाढवत नाही. शर्यतीच्या मोटारींचा साठ वर्षांचा इतिहास या एका फायद्याभोवती फिरतो.

अमेरिकेच्या जिम हॉलने 1966 मध्ये आपल्या चॅपरल गाडीवर उंच खांबांवर पंख उभारला. दोन वर्षांत फॉर्म्युला वनमध्ये तसे पंख आले. 1969 मध्ये बार्सिलोनाच्या माँटजुईक रस्त्यावर ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही लोटस गाड्यांचे पंख मोडले आणि गाड्या आदळल्या. पुढच्याच शर्यतीत, मोनॅकोला, उंच पंखांवर बंदी आली. मग कॉलिन चॅपमनच्या लोटसने गाडीच्या पोटाकडे लक्ष वळवलं. तळाला असा आकार दिला की अरुंद फटीतून हवा वेगाने निघावी, तिथला दाब घटावा आणि गाडी रस्त्याकडे ओढली जावी. दोन्ही कडांना रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्या लावून बाहेरची हवा अडवली. 1978 मध्ये लोटस 79 ने मारियो आंद्रेत्तीला जगज्जेता केलं. त्यातला धोकाही मोठा होता. पट्टी अडकली किंवा तुटली, की भर वळणात पकड एका क्षणात नाहीशी व्हायची. 1983 साठी सपाट तळ सक्तीचा झाला.

हवेवर विसंबण्याची किंमत सगळ्यात भयानक दिसली ती 1999 च्या ल माँ शर्यतीत. मर्सिडीज सीएलआर ही सुमारे 900 किलोची, जमिनीला चिकटून धावणारी गाडी. चढाच्या माथ्यावर, पुढच्या गाडीने घुसळलेल्या हवेत तिचं नाक किंचित वर झालं. तळाखाली वारा शिरला आणि गाडी पाठीमागे उलटत हवेत गेली. चालक मार्क वेबरच्या बाबतीत हे दोनदा घडलं, पात्रता फेरीत आणि शर्यतीच्या सकाळी. तरीही गाड्या शर्यतीत उतरवल्या. मग पीटर डंब्रेकची गाडी कुंपण ओलांडून झाडांत पडली. दोघेही वाचले हे नशीब. पहिल्यांदा गाडी उलटली तेव्हाच त्या गाड्या मागे घ्यायला हव्या होत्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आपल्या गाड्या. चपटा तळ आणि फुगीर टप यांमुळे बहुतेक मोटारींना हवा थोडी उचलतेच. हे बल वेगाच्या वर्गाने वाढतं. एका साध्या गाडीचा ढोबळ हिशेब मांडतो. ताशी 60 ला साताठ किलो, 120 ला तीस किलो, 240 ला एकशेवीस किलो. बाराशे किलोच्या गाडीला तीस किलोची उचल म्हणजे फारसं काही नाही. जर्मनीच्या ऑटोबानवर मात्र हीच उचल जीवघेणी ठरली. पहिल्या ऑडी टीटी गाड्यांना फार मोठ्या वेगात अपघात झाले, तेव्हा कंपनीने त्या परत बोलावून मागे स्पॉयलर बसवला, सस्पेन्शनही बदललं.

नाशिकच्या कॉलेज रोडवर हौसेने मोठा पंख लावलेल्या गाड्या दिसतात. त्या मुलांना कळकळीने सांगतो, शहरातल्या वेगाला तो पंख जवळजवळ काहीच दाब देत नाही. वेग वाढला आणि दाब आलाच, तर तो मागच्या चाकांच्याही पाठीमागे पडतो. तरफेसारखं होऊन पुढची चाकं हलकी होतात. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद आणि स्टिअरिंग दोन्ही पुढच्याच चाकांवर असतात. म्हणजे जिथे पकड हवी, तिथलीच कमी केली. कारखान्यातून आलेली डिकीवरची छोटी कड हवेचा विचार करून बसवलेली असते; ती राहू द्या.

ताशी 120 च्या आत गाडीला रस्त्यावर धरून ठेवतात ते टायरच. पंखाचे पैसे टायरला लावा. नक्षीची खोली झिजून 1.6 मिलिमीटरवर येण्याची वाट पाहू नका. समृद्धीवर चढण्याआधी, टायर थंड असताना, चारही चाकांची आणि स्टेपनीची हवा तपासा, आणि काटा 120 च्या पुढे नेऊ नका.