औषधाचें पांघरूण

कांहीं अर्भकांच्या देहांत ॲडिनोसीन डीॲमिनेज हें विकर जन्मतःच पुरेसें नसतें. त्यामुळें क्षुल्लक संसर्गहि त्यांच्या प्राणावर बेततो. गाईपासून मिळविलेलें तें विकर नुसतें टोचलें, तर रक्तांत फार काळ टिकत नाहीं. अमेरिकेंतील रटगर्स विद्यापीठांत फ्रँक डेव्हिस यांनीं १९७० च्या दशकांत प्रथिनांना पॉलिएथिलीन ग्लायकॉल या बहुवारिकाचे लांब धागे जोडले. पाणी धरून ठेवणारे हे धागे प्रथिनाला जणूं पांघरूण घालतात. मग शरीर त्याला परकें म्हणून चटकन् ओळखीत नाहीं. असें विकर तेथें १९९० सालीं मान्य झालें. आठवड्याला एक-दोन टोचण्यांवर अनेक बालकें तगलीं. मात्र कांहीं रुग्णांचें शरीर या विकराविरुद्ध प्रतिपिंडें घडवितें; म्हणून उपचार चालू असतां रक्तांतील विकराचें मान वरचेवर तपासावें लागतें.