चूक सांगणारीला मेमो का?

मैत्रिणींनो, रुग्णालयातल्या परिचारिकांच्या बैठका घेताना एक गोष्ट मला वारंवार ऐकू येते. औषधाच्या मात्रेबद्दल शंका आली, तरी डॉक्टरांना विचारायची भीती वाटते. चूक आपणहून सांगितली, तर मेमो मिळतो. मग पुढची सिस्टर गप्प बसते आणि भोगतो रुग्ण. आयाबाई कंत्राटी असेल तर बोलली की काम गेलंच. २०१३ च्या कायद्याने १० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती सक्तीची केली. पण रोजच्या या दहशतीची दाद कुठे मागायची? म्हणून आपली मागणी: चूक सांगणारीला शिक्षा नको, संरक्षण हवं. आयाबाईंसह सर्वांची दरमहा बैठक व्हावी. एकटीला बोलणं अवघड जातं. आपण मिळून बोलू या.