भटारखान्याचं धुराडं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, हॉटेलात शिरल्यावर आपण टेबल पुसलंय का ते बघतो, पाण्याचा पेला उजेडात धरतो. पण आत भटारखान्यात, भट्टीच्या वर पत्र्याचं धुराडं असतं. त्याच्या पोटात कुणी डोकावत नाही. मीही वेळेवर डोकावलो नाही, म्हणून आज बोलतोय.

बी.ए. झालो, कविता करत होतो आणि नोकरी नव्हती. तेव्हा मिरजेत मामूंच्या हॉटेलच्या गल्ल्यावर बसायचो. दर तीन महिन्यांनी एक चाचा धुराडं साफ करायला यायचे. रात्री भट्ट्या विझल्या, पत्रा निवला, की आधी पंख्याची वीज तोडायची. लोखंडी जाळ्या उतरवून सोड्याच्या गरम पाण्यात बुडवायच्या. मग पटाशीनं वरून खाली खरवडत यायचं. डांबरासारखा काळा चिकटा निघायचा. कढईतल्या तेलाचे बारीक कण वाफेबरोबर वर जातात, काही जाळीत अडकतात, उरलेले थंड पत्र्यावर थिजतात. चाचा म्हणायचे, "बेटा, ये मैल नै, तेलच है. तेल है तो जलेगा."

१९९५च्या फेब्रुवारीत रमजान होता. इफ्तारपासून सहरीपर्यंत भट्टी विझत नव्हती. नेमके तेव्हाच चाचा आले. एक रात्र बंद म्हणजे तेवढा गल्ला बुडाला. मामूंना न विचारताच मी म्हणालो, "चाचा, ईदनंतर या."

विसाव्या रोज्याच्या रात्री कढईनं पेट घेतला. पंख्यानं ज्वाळा वर ओढली आणि धुराडं आतून पेटलं. विशीतल्या एका मदतनिसानं घाबरून कढईत बादलीभर पाणी ओतलं. पाणी तेलापेक्षा जड. ते खाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि जळतं तेल चौफेर उसळतं. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. गॅस बंद करून कढईवर झाकण घालायचं, हे त्याला आम्ही कुणी शिकवलंच नव्हतं.

आता हे काम करणारी पथकं आहेत. हातमोजे, चष्मे, दाबाच्या पाण्याची यंत्रं असतात. डक्टला जागोजागी उघडणारी दारं ठेवतात, कारण जिथं हात पोचत नाही तिथंच चिकटा साठतो. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियम खातो, म्हणून तशा जाळ्यांना सौम्य द्रावण वापरतात. अमेरिकेतलं एनएफपीए ९६ हे मानक सांगतं की चोवीस तास चालणाऱ्या भटारखान्याचं धुराडं दर तीन महिन्यांनी तपासावं, आणि लाकूड-कोळशाची भट्टी असेल तर दरमहा. चाचांनी ते मानक पाहिलं नव्हतं. त्यांचे तीन महिने अनुभवातून आले होते. माझ्याकडे पदवी होती, पण मी फक्त गल्ला मोजला.

ईदच्या दिवशी तो मुलगा पट्ट्या बांधलेल्या हातांनी गळाभेटीला आला. "ईद मुबारक, भाईजान," म्हणाला. मला उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी चाचा आले. मीच बोलावलं होतं ना, ईदनंतर. काळवंडलेल्या पत्र्याकडे त्यांनी बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता पटाशी काढली.

श्रोतेहो, पुढच्या वेळी एखाद्या हॉटेलची बिर्याणी आवडली, तर मालकाला शाबासकी जरूर द्या. सोबत एवढंही विचारा, "धुराडं शेवटचं कधी धुतलं?"