प्लॅन बदलण्याआधी

घरचे इंटरनेट रेंगाळायला लागले की आपले तीन उपाय ठरलेले असतात. राऊटर बंद करून पुन्हा चालू करायचा, कंपनीच्या माणसाला फोन लावायचा आणि एवढ्याने भागले नाही की वरचा प्लॅन घ्यायचा. पहिला उपाय फुकटचा आहे, कधीकधी लागूही पडतो, त्यामुळे त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. आज मला बोलायचे आहे ते तिसऱ्याबद्दल. घरात फायबर आले असेल आणि तरी नेट अडखळत असेल, तर वरच्या प्लॅनचे पैसे बहुधा वाया जातात, असे माझे म्हणणे आहे. कारण प्लॅनवर छापलेला आकडा एका सेकंदात किती माहिती येऊ शकते एवढेच सांगतो. आपली तक्रार मात्र निराळीच असते: बोलताना आवाज तुटतो, पान उघडायला वेळ लागतो, आतल्या खोलीत काहीच चालत नाही. या तक्रारींची कारणे वेगळी आहेत, आणि मोजल्याशिवाय ती सापडत नाहीत.

आधी गरजेचा हिशेब करू. सरकारच्या 2004 च्या धोरणात 256 केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटले होते. 2013 मध्ये ती मर्यादा 512 केबीपीएस झाली आणि 2023 मध्ये 2 एमबीपीएस. आज शंभर एमबीपीएसचा प्लॅन मध्यमवर्गीय घरात सर्रास दिसतो. नेटफ्लिक्स आपल्या सर्वांत स्पष्ट, म्हणजे फोर-के चित्रासाठी 15 एमबीपीएस पुरेत असे सांगते. व्हिडिओवरच्या बैठकीला चार-पाच पुरतात. म्हणजे दोन टीव्हींवर एकाच वेळी फोर-के चित्रपट आणि शेजारच्या दोन खोल्यांत दोन बैठका चालू असल्या, तरी हिशेब चाळीसच्या आसपास थांबतो. शंभरात जो माणूस चाळीससुद्धा वापरत नाही, त्याला दोनशे देऊन काय होणार? जाता जाता एक गैरसमजही काढून टाकू. प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल उतरवताना पडद्यावर दिसणारा आकडा बहुधा मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून शंभरच्या प्लॅनवर बारा दिसले तर कुणी फसवलेले नसते.

मग अडते कुठे? याचे उत्तर मिळवण्याची रीत एकच: वाट तुकड्यांत तोडायची आणि एकेक तुकडा वेगळा तपासायचा. लॅपटॉपला लॅन केबल लावून ती थेट राऊटरमध्ये घाला, घरातली बाकीची उपकरणे बंद ठेवा आणि वेग मोजा. मग केबल काढून त्याच ठिकाणी वाय-फायवर मोजा आणि शेवटी ज्या खोलीत त्रास होतो तिथे जाऊन मोजा. केबलवर पूर्ण वेग आणि खोलीत दहावा हिस्सा, असे निघाले की कंपनीचा प्रश्न तिथेच मिटला. दोष आपल्या भिंतींत आहे. आता केबलवर दोनशेच्या प्लॅनमध्ये नेमके पंच्याण्णवच्या आसपास दिसले, तर केबलच्या टोकाकडे पाहा. शंभरच्या वेगाला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. त्यांतली एक जरी नीट बसली नाही, तरी जोडणी गुपचूप शंभरावर उतरते. अनेक स्वस्त राऊटरांची तर भोकेच शंभरची असतात. मग कितीही वरचा प्लॅन घेतला तरी केबलवर फरक शून्य.

वाय-फायपाशी थोडे थांबायला हवे, कारण बहुतेक तक्रारींचे मूळ तिथे सापडते. 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच: 1, 6 आणि 11. अपार्टमेंटमध्ये वर, खाली, शेजारी मिळून पंधरा-वीस राऊटर त्या तिघींवर बसलेले असतात, त्यात मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात गुणगुणतो. एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे असा नियम असल्यामुळे, लांबच्या खोलीतला जुना फोन सावकाश बोलत बसला की जवळचा नवा लॅपटॉपही ताटकळतो. 5 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात जागा ऐसपैस आहे, पण विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती त्या लहरींना लवकर थोपवतात. आणि राऊटर आपण ठेवतो कुठे? फायबर ज्या खिडकीतून आत आले तिथे, टीव्हीच्या मागे, नाहीतर दिसायला नको म्हणून कपाटात. तो घराच्या मध्यावर, उंचीवर, उघड्यावर आणला तर पुष्कळ काम होते. मोठ्या घरात आतपर्यंत लॅन केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवावा. नुसता रिपीटर लावला तर तो ऐकलेले प्रत्येक वाक्य त्याच हवेत पुन्हा बोलतो, आणि रेंजचे दांडे भरलेले दिसूनही वेग जवळपास निम्मा होतो.

दुसरे कारण कमी परिचयाचे आहे. वेगाची चाचणी उत्तम येते, पण घरात कुणी फोटोंचा बॅकअप सुरू केला की बैठकीतला आवाज तुटायला लागतो. इंटरनेटच्या जुन्या जाणकारांपैकी जिम गेटिस यांनी 2010 च्या सुमारास याचा छडा लावला आणि या दोषाला बफरब्लोट असे नाव दिले. स्मृती स्वस्त झाल्यामुळे उपकरणांत रांगेसाठी जागा बेसुमार ठेवली जाते. मग बँकेच्या खिडकीवर पासबुकावर शिक्का मारून घ्यायला आलेला माणूस चिल्लरची पोती जमा करणाऱ्याच्या मागे अडकावा, तशी आवाजाची चिमुकली पाकिटे फोटोंच्या ढिगामागे उभी राहतात. 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग आटोक्यात ठेवणारी कोडेल ही पद्धत मांडली. तिच्यावर बेतलेली व्यवस्था काही राऊटरांत एसक्यूएम या नावाने मिळते. तिथे वेगाची मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा किंचित कमी ठेवायची असते. थोडा वेग सोडून दिल्याने जोडणी चपळ होते, हे जाहिरातीत कधीच यायचे नाही. फास्ट डॉट कॉमवर जोडणी मोकळी असतानाचा आणि भरलेली असतानाचा विलंब वेगवेगळा दिसतो. पहिला दहा मिलिसेकंद आणि दुसरा तीनशे असेल, तर आजार सापडला.

काही विलंब मात्र कुणाच्याच हातात नसतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे हजार किलोमीटरच्या जाण्यायेण्याला दहा मिलिसेकंद लागणारच. सप्टेंबर 2025 मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ मुंबईला येणाऱ्या दोन केबल तुटल्या, तेव्हा पश्चिमेकडची वाहतूक लांबच्या वाटेने वळवावी लागली. अशा वेळी प्लॅन वाढवणाऱ्याच्याही वाट्याला तीच लांबची वाट येते.

यावर कुणी म्हणेल, आम्ही पैसे मोजतो, मग हे तपासणे आमचे काम कसे? आक्षेप रास्त आहे, आणि कंपन्यांचे दोष मी झाकत नाही. घरोघरी फायबर वाटण्याच्या जी-पॉन पद्धतीत अडीच गिगाबिटची एक वाहिनी बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटलेली असते. पुढची जोडणी कंपनीने तोकडी ठेवली, तर रात्री नऊला सगळ्यांचाच वेग पडतो. तंतू कोपऱ्यात मुडपला की प्रकाश गळतो. घरात फायबर ज्या डब्याला जोडलेले असते, त्या ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर प्रकाशाची पातळी दिसते. ती उणे 27 डीबीएमच्या खाली गेली की जोडणी डळमळते. पण हे दोष कंपनीच्या गळी उतरवायचे तर केबलवरची मोजणी हातात हवी. ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीला ‘राऊटर रीस्टार्ट करा’ हेच उत्तर मिळते. दुसरा आक्षेप असा, की वरच्या प्लॅनने काहींना खरोखर फरक पडतो. पडतोच. रोज अवजड व्हिडिओ वर चढवणाऱ्याला किंवा डेटाची मासिक मर्यादा संपून वेग घसरणाऱ्याला तो घ्यावाच लागेल. अशा घरात केबलवरची मोजणीच प्लॅन पुरा भरल्याचे दाखवते.

तेव्हा सकाळी आणि रात्री, केबल लावून, तीन-चार दिवस आकडे तारीखवार टिपा आणि तक्रार करताना तेच सांगा. तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2012 च्या नियमांनुसार कंपनीला तक्रार केंद्राच्या वर अपील प्राधिकारी ठेवावा लागतो आणि त्याच्याकडे दाद मागायला शुल्क पडत नाही. अपिलात डॉकेट नंबर द्या आणि आकड्यांचा तो कागद जोडा.