पायाची जागल

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून भावाबद्दल, कर्जाबद्दल, विजेबद्दल बोलणे झाले. आता थोडा वेळ आम्ही पायांबद्दल बोलणार आहोत. तुमच्या आणि आमच्या पायांबद्दल. मागे बसलेले काही जण हसताहेत. हसा. आम्हीही हसलो असतो. पण आमच्याच बैठकीतला एक माणूस कुबड्या घेऊन आला आणि आमचे हसू थांबले.

त्याचे नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. ते कोणाचेही गाव असू शकते. सहा एकर पऱ्हाटी, दोन एकर ज्वारी. नऊ वर्षांपासून साखरेचा आजार. हाती पैसा असेल तेव्हा गोळ्या, नसेल तेव्हा देवाची मर्जी. ज्वारी निघाल्यावर रानातून चालताना एक धसकट त्याच्या रबरी चपलेतून आरपार टाचेत घुसले. त्याला कळले नाही. दिवसभर तो त्याच पायाने चालला. संध्याकाळी उंबऱ्यावर रक्ताचा ठसा उमटला, तो घरधनिणीने पाहिला. हळद भरली, फडके बांधले. दुखत तर नव्हतेच. वेचणी तोंडावर होती. आणखी सहा दिवस तो त्या पायावर उभा राहिला. सातव्या दिवशी ताप आला, पाय सुजला, बोट काळे पडले. आधी बोट कापले, मग गुडघ्याखाली पाय. बैलजोडी गेली, वर कर्ज झाले.

आम्ही त्याला भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "नऊ वर्षे दवाखान्यात जातो. रक्त तपासतात, गोळ्या देतात, गोड खाऊ नका म्हणतात. चप्पल काढून पाय दाखव, असे एकदाही कोणी म्हटले नाही."

दवाखान्याला दोष देऊन आम्हाला मोकळे होता आले असते. पण त्या नऊ वर्षांत तो दर महिन्याला आमच्या शेजारी बसत होता. आम्हीही कधी विचारले नाही. म्हणून आज बोलायला उभे राहिलो.

दुखत नाही, हाच धोका

आपल्याला वाटते की दुखणे म्हणजे आजार, आणि दुखत नाही म्हणजे सगळे ठीक. पायाच्या बाबतीत हे नेमके उलटे आहे. काटा रुतला की आपण जागच्या जागी थांबतो. कोण थांबवतो? दुखणे थांबवते. दुखणे हा पायाचा जागल्या आहे. तो झोपला की रान मोकळे.

ही गोष्ट वैद्यकाला नीट उमगली ती आपल्याच देशात, तामिळनाडूतल्या वेल्लोरला. १९४६ साली पॉल ब्रँड नावाचे शल्यचिकित्सक तिथे आले. त्या काळी सगळे जग मानत होते की कुष्ठरोगात हातापायाची बोटे सडतात आणि झडतात. एक दिवस ब्रँडना एक गंजलेले कुलूप उघडेना. कुष्ठरोग झालेला एक लहान मुलगा पुढे आला आणि त्याने किल्ली फिरवली. कुलूप उघडले, पण पोराचे बोट हाडापर्यंत कापले होते आणि त्याला पत्ता नव्हता. काही रुग्णांची बोटे रात्रीतून नाहीशी व्हायची. रात्री पहारा ठेवला तेव्हा दिसले की उंदीर कुरतडत होते आणि माणूस शांत झोपलेला होता. मग तिथे मांजरे पाळली आणि घरी जाणाऱ्या रुग्णालाही सोबत मांजर दिले.

ब्रँडनी यातून दाखवून दिले ते असे: रोगाचा जंतू बोट खात नाही. जंतू नस मारतो. नस मेली की जाणीव जाते, आणि मग भाजणे, कापणे, रुतणे, चेपणे या रोजच्या गोष्टी बोट खातात. पायाच्या जखमा का भरत नाहीत, तर माणूस त्यांच्यावर चालत राहतो म्हणून. पाय प्लास्टरमध्ये घालून जखमेवरचा भार काढला की वर्षानुवर्षांच्या जखमा भरू लागल्या. १९६६ साली ते अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले, आणि तिथे शिकवलेली तीच काळजी मधुमेहाच्या रुग्णांचे पाय वाचवायला कामी आली. रोग दोन, पण बधिर पाय एकच.

वर्ध्याची शिकवण

हे शिक्षण आपल्या कापसाच्या मुलखाला नवे नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. सेवाग्रामला परचुरेशास्त्रींच्या जखमा गांधीजी स्वतः धूत, त्यांच्या अंगाला मालीश करत. १९५१ साली वर्ध्याला गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झाले. तिथल्या डॉ. वारदेकरांनी तीन शब्दांची पद्धत बसवली: पाहणी, शिक्षण, उपचार. रोगी दवाखान्यात येईल म्हणून वाट पाहत बसायचे नाही; घरोघर जायचे, बघायचे, शिकवायचे, औषध द्यायचे. पुढे देशाच्या कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली.

आज औषध आहे. कुष्ठरोगाचे बहुविध औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. सहा महिने किंवा बारा महिने घेतले की रोग बरा होतो. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरले, म्हणून सरकारने निर्मूलन जाहीर केले. नवे रुग्ण मात्र आजही सापडतात. शिवाय जंतू मेला तरी मेलेली नस बहुधा परत येत नाही. हात किंवा पाय अलीकडे बधिर झाला असेल, सहा महिन्यांच्या आत उपचार मिळाला, तर काही जणांची जाणीव परत येते. बाकीच्यांना बधिर पाय घेऊनच जन्म काढायचा असतो.

आणि मधुमेहाचे तर औषध थांबतच नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे आढळले. खेड्यांत शंभर मोठ्या माणसांमागे जवळजवळ नऊ. हा शेटजींचा आजार राहिलेला नाही. या मांडवात पाचशे माणसे असतील तर हिशोब तुम्हीच करा.

आता असा विचार करा. डॉक्टर महिन्यातून एकदा पाच मिनिटे भेटतो. उरलेला सगळा महिना तो आजार तुमच्या घरी, तुमच्या अंगात राहतो. मग त्याचे शिक्षण कोणाला जास्त हवे? डॉक्टरला की तुम्हाला?

आत्ता, इथेच

शेजाऱ्याला म्हणा, डोळे मीट. चप्पल काढ. तुमच्या बोटाच्या टोकाने त्याच्या पायाच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला हलकेच स्पर्श करा. एक-दोन सेकंद, दाबायचे नाही, टोचायचे नाही. मग दुसरा पाय. एकूण सहा बोटे. स्पर्श कळला की त्याने "हो" म्हणायचे. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही, तर पाय बधिर होऊ लागला आहे असे समजा आणि याच आठवड्यात आरोग्य केंद्रात दाखवा. ही चाचणी इंग्लंडमध्ये इप्सविचच्या डॉक्टरांनी बसवली. तिला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, खाजत नसेल, दुखत नसेल, तर आपल्याच शेतातला कापूस घ्या. त्याची बारीक वात करा. डोळे मिटून चट्ट्यावर टेकवा आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगा. कळले नाही तर आशाताईला सांगा. लपवू नका. लवकर औषध घेतले तर हातपाय शाबूत राहतात.

मायबहिणींनो, तुमचे पाय कोण बघतो? घरात सगळ्यांचे जेवण झाल्यावर जेवायचे, तसे सगळ्यांचे दुखणे झाल्यावर तुमचे दुखणे. आजपासून सुनेने सासूचे आणि सासूने सुनेचे तळवे बघायचे. कोणी नसेल तर फुटक्या आरशाचा तुकडा जमिनीवर ठेवून त्यात बघा.

रोजची कामे

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपल्याला काय शिकवले? बोंड वरून हिरवेगार दिसते आणि फोडले की आत किडलेले निघते. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की उपाय करायची वेळ आली, हे आता गावातले पोरही सांगते. पऱ्हाटीसाठी आपण रोज सापळा बघतो. पायासाठी हेच करायचे आहे. तळव्यावरचा घट्टा वरून कडक दिसतो; खाली जखम असू शकते.

एक. रोज संध्याकाळी हात-पाय धुताना दोन्ही तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या बघा. लाली, फोड, भेग, काटा, ओल.

दोन. पाय साध्या पाण्याने धुवा. गरम पाण्याचा अंदाज बधिर पायाने घेऊ नका. कोपराने घ्या किंवा दुसऱ्याला हात घालून बघायला सांगा. थंडीत शेकोटीला पाय लावून बसू नका. हात बधिर असेल तर चुलीवरचे भांडे फडक्याने किंवा सांडशीनेच धरा.

तीन. कुष्ठरोगाने कोरड्या पडलेल्या पायाला घाम येत नाही, म्हणून भेगा पडतात. असा पाय वीस मिनिटे साध्या पाण्यात भिजवा, जाड कातडी दगडाने हलके घासा, आणि ओल आहे तोवर तेल लावा. मधुमेहाचा पाय मात्र भिजत ठेवू नका. धुवा, बेचक्यांसकट कोरडा करा, तेल तळव्याला लावा, बेचक्यांत नको.

चार. अनवाणी चालू नका, घरातही नाही आणि देवळाच्या तापलेल्या फरशीवरही नाही. चप्पल घालण्यापूर्वी हात घालून आत खडा किंवा खिळा आहे का बघा. चप्पल काढल्यावर अर्ध्या तासानेही लाली तशीच असेल, तर ती चप्पल चावते आहे. कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्यांना मऊ रबराची चप्पल सरकारी कार्यक्रमात मिळते. मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

पाच. घट्टा किंवा कुरूप पात्याने कापू नका. जखमेत हळद, राख, काळे ऑईल भरू नका. स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने झाका आणि दुसऱ्या दिवशी दाखवा. पाय गरम, सुजलेला, काळपट झाला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी.

सहा. साखर ताब्यात ठेवा आणि तंबाखू सोडा. बिडी असो की खर्रा, तंबाखू रक्तवाहिन्या आवळते, आणि जिथे रक्त पोचत नाही तिथली जखम भरत नाही.

पूर्व विदर्भात हत्तीपायाचे रुग्ण आहेत. त्यांनाही धुणे, बेचक्या कोरड्या ठेवणे आणि बसल्या जागी पाय उंच ठेवणे हेच लागू. एवढ्याने ताप आणि सूज येण्याचे प्रसंग कमी होतात.

आराम कोणाच्या जिवावर?

आता तुम्ही म्हणाल, सगळे पटले, पण जखम झाल्यावर पायावर भार देऊ नका म्हणता, मग कापूस कोण वेचणार? प्रश्न खरा आहे. आरामाचा सल्ला पगारदाराला परवडतो. कास्तकाराचा आराम हंगाम खातो, आणि मजुराचा आराम त्या दिवसाची चूल. आमचा तो मित्रही बेफिकीर नव्हता. सहा दिवस तो वेचणीसाठी उभा राहिला, पोरांच्या फीसाठी उभा राहिला.

उत्तर आपल्याकडेच आहे. आपल्या बापजाद्यांकडे इर्जिक होते, सावड होती. कोणाचा बैल मेला तर गाव जोड्या घेऊन जायचे आणि त्याचे रान नांगरून द्यायचे. बैलासाठी करत होतो ते माणसासाठी करू. ज्याच्या बधिर पायाला जखम आहे, त्याच्या रानात वेचणीला दहा घरांतून एकेक माणूस जाईल. मजूर असेल तर त्याला बसून करायचे काम देऊ. आठ-पंधरा दिवसांची ही मदत एक पाय वाचवते.

आणि ज्यांचा पाय, हात गेला आहे, त्यांनी कोपऱ्यात बसू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे धरली आहेत. त्यात कुष्ठरोगातून बरे झालेले आहेत आणि आपल्या भागातले सिकलसेलचे रुग्णही आहेत. दाखला काढायला तालुक्याला चार खेपा मारू नका. कागद बैठकीत आणा, आपण बरोबर जाऊ. कुष्ठरोग हे कारण दाखवून घटस्फोट मागण्याची तरतूद २०१९ साली कायद्यातून गेली. मनातूनही ती काढायला हवी.

आमचे मागणे एवढेच. यापुढे गावच्या प्रत्येक मासिक बैठकीत पहिली दहा मिनिटे सगळ्यांनी चपला काढायच्या आणि एकमेकांचे तळवे बघायचे. अध्यक्षानेही, आम्हीही. लाज वाटेल, पहिल्या वेळी आम्हालाही वाटली. त्या पहिल्याच वेळी आमच्यातल्या एकाच्या टाचेत मोडलेली बाभळीची काडी निघाली. किती दिवस होती, त्याला ठाऊक नव्हते. तो आज या मांडवात दोन्ही पायांवर उभा आहे आणि तुम्हाला पाणी वाटतो आहे.

रात्री रानडुकरांसाठी आपण माळ्यावर जागतो. पायासाठी संध्याकाळची पाच मिनिटे जागू या.

जय किसान.