पाण्यांत बंद पडलेली मोटार

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां मुंबई-ठाण्याकडे असंख्य मोटारी पाण्यांत बंद पडल्या. माजिवड्याच्या नाक्यावर पाणी तुंबलें असतां हा प्रसंग आपणांवरहि येऊं शकेल. अशा वेळीं किल्ली पुन्हां फिरविण्याचा मोह होतो. मोठें नुकसान बहुधा त्यानेंच होतें. डिझेल एंजिनांत ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनें इंधन पेटतें. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. सिलिंडरांत शिरलेल्या पाण्यावर दट्ट्या आदळला कीं कनेक्टिंग रॉड वांकतो, आणि साफसफाईनें भागणारें काम एंजिन उघडण्यापर्यंत जातें. म्हणून गाडी ओढूनच न्यावी. साध्या विमापत्रांत हें नुकसान बहुधा धरलेलें नसतें. तें पावसाळ्यापूर्वींच वाचून पाहावें.