रामाच्या नावाचा जबडा

बैलबाजारात जाणता शेतकरी आधी जनावराचं तोंड उघडून पाहतो. दोन दाती, चार दाती की जुळलेला, एवढं कळलं की वयाचा अंदाज येतो. पुराणमानवाचे अभ्यासकही पुष्कळसं असंच करतात. मात्र त्यांना अख्खं तोंड क्वचितच मिळतं. दात हा शरीराचा सर्वांत कठीण भाग. बाकीचं नाहीसं झालं तरी दात नि जबड्याचे तुकडे उरतात.

असाच वरच्या जबड्याचा एक तुकडा १९३२ साली शिवालिक टेकड्यांत, आजच्या हिमाचल प्रदेशातील हरितल्यांगर येथे, जी. एडवर्ड लुईस या अमेरिकन विद्यार्थ्याला सापडला. त्याने त्याला नाव दिले 'रामापिथेकस', म्हणजे रामाचा वानर. पुढे १९६० नंतरच्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी हा मानवाचा आद्य पूर्वज असल्याचे मांडले.

आता त्यांचा तर्क पाहा. जबडा एकाच बाजूचा होता. दुसरी बाजू अंदाजाने जोडली, तीही माणसासारखी कमानदार. सुळा लहान असावा असे वाटले. सुळा लहान, तर हाती हत्यार असणार. हात मोकळे, तर प्राणी दोन पायांवर चालत असणार! आणि पायाचं हाड? एकही नव्हतं.

पहिली शंका आली ती रक्तातून. १९६७ साली व्हिन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन यांनी माणूस व आफ्रिकेतील वानर यांच्या रक्तातील प्रथिने ताडून पाहिली. दोघांच्या वाटा सुमारे ५० लाख वर्षांपूर्वीच फुटल्या, असा त्यांचा हिशेब निघाला. रामापिथेकस तर सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा मानला जात होता. मग मानवाच्या वाटेवर तो आधीच कसा पोचला? हाडांच्या पंडितांना हा हिशेब रुचला नाही.

पण नंतर पाकिस्तानातील पोटवार पठारावर शिवापिथेकस या वानराचा बराचसा चेहरा मिळाला. डोळ्यांच्या खोबणी उभट, मधले अंतर अरुंद. थेट ओरांगउटानचा तोंडवळा! १९८२ साली हे जगापुढे मांडले ते स्वतः पिलबीम यांनीच. मला यात त्यांचा मोठेपणा दिसतो. आज रामापिथेकसला शिवापिथेकसमध्येच धरतात. बहुधा ती लहान चणीची मादी असावी.

जुन्या पुस्तकांत मात्र तो अजून पूर्वज म्हणून भेटतो. तेव्हा शिक्षकबंधूंनो, हा जबडा फळ्यावर काढाल तर सापडलेला भाग पांढऱ्या खडूने काढा, अंदाजाने जोडलेला रंगीत खडूने.